विहीणबाईंची बरणी

आमच्या विहीणबाई भोपळ्याकडे ज्या नजरेने पाहतात, त्या नजरेने माझ्याकडे उभ्या आयुष्यात कोणी पाहिलेलं नाही. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा बायकोनेसुद्धा नाही. तिने माझ्याकडे एकदा पाहून डोळे मिटून घेतले होते, आणि ते लाजून असावं असं मी आजवर धरून चाललो आहे. विहीणबाई मात्र शारजाच्या अल नहदा भागातल्या आमच्या सुपरमार्केटात भाजीच्या बाजूला वळल्या की त्यांची चालच बदलते. देवळाच्या पायरीशी चपला काढल्यावर माणूस जसा चालतो, तशा त्या तांबड्या भोपळ्यांच्या राशीकडे जातात. एकेक उचलून वजन जोखतात, देठ हुंगतात, बोटाच्या पेराने टकटक करून कान लावतात आणि डोळे मिटून उभ्या राहतात. मागे ट्रॉल्यांची रांग लागते, पण कोणाची खाकरण्याचीही छाती होत नाही. एकदा भाजी तोलणारा मल्याळी गृहस्थ धीर करून म्हणाला, "मॅडम, ओन्ली पंपकिन." विहीणबाईंनी डोळे उघडले, भोपळा जागेवर ठेवला आणि या देशात शिकलेलं आपलं पहिलं हिंदी वाक्य उच्चारलं, "नहीं चलेगा." तो भोपळा पुढे आठवडाभर तिथेच पडून होता. जाता-येता त्याच्याकडे बघून मला आपल्यापैकीच कोणी भेटल्यासारखं वाटायचं.

विहीणबाई म्हणजे माझ्या सुनेची आई. माझ्या मुलाने दुबईत नोकरी करता करता ऑफिसातलीच एक इटालियन मुलगी पसंत केली, तेव्हा आमच्या घरी दोन दिवस सुतक होतं आणि तिसऱ्या दिवशी बायको साड्यांचे रंग ठरवत होती. सून लाखात एक निघाली. पण बायकोचं एक दुःख राहून गेलं. बिचारीने अख्खी हयात दुसऱ्यांच्या लग्नात वरमायांचे रुसवे बघण्यात घालवलेली, कधीतरी आपलीही पाळी येईल म्हणून. पाळी आली, तर व्याही निघाले इटालियन! त्यांना रुसवा हा प्रकारच ठाऊक नाही. ही ठरल्याप्रमाणे कोपऱ्यातल्या खुर्चीवर तोंड फिरवून बसली, तर त्यांना वाटलं बाई दमल्या. विहीणबाईंनी स्वतःच्या हाताने तिच्या पाठीला उशी लावली आणि जाता जाता दिवा मालवून गेल्या. मान म्हणून विहिणीकडून साधा खणसुद्धा आला नाही. हे मी उगाच सांगत नाही. पुढे जो अनर्थ झाला त्याचं मूळ त्या उशीत आहे.

विहीणबाई इटलीच्या, असं आम्ही बिल्डिंगमध्ये सांगतो, पण त्यांच्यासमोर नाही. त्यांच्या मते इटली हा देश फक्त फुटबॉलपुरता असतो. त्या मान्तोवाच्या. त्यातही मान्तोवा शहराच्या नव्हेत, बाहेर शेतांमधल्या एका गावच्या, आणि तिथे त्यांचं लोकरीचं दुकान होतं. 'इटालियन जेवण' असा शब्द ऐकला की त्यांचा चेहरा होतो तो कोणी 'भारतीय भाषा येते का तुम्हाला?' असं विचारल्यावर आपला होतो तसा. शेजारच्या फेरारा गावी हाच भोपळा, हीच कणीक, पण सारणात एक जिन्नस कमी आणि घडी वेगळी. त्यांच्याबद्दल विहीणबाई कधी वाईट बोलत नाहीत. "माणसं चांगली आहेत," त्या सुनेकरवी सांगतात, "त्यांना कोणी शिकवलं नाही." मला हे ऐकून परकं वाटलं नाही. आमच्या साताऱ्याच्या आत्या सांगलीच्या आमटीबद्दल हेच वाक्य याच सुरात म्हणायच्या.

हे सगळं मला आधी कोणी सांगायला हवं होतं. विहीणबाई आल्या त्या आठवड्यात मुलाने आम्हाला दुबईत एका मेणबत्त्यावाल्या इटालियन हॉटेलात नेलं. मी जबल अली बंदराच्या गोदामांमध्ये हयात घालवलेला माणूस, पण त्या दिवशी ठरवलं होतं की विहिणीसमोर आपण जग पाहिलेलं दिसलं पाहिजे. म्हणून पांढऱ्या रश्श्यातला चिकन पास्ता मागवला, शेवया लांब होत्या त्या काट्याने नीट तोडून घेतल्या, वर केचप घातला आणि जेवण झाल्यावर झोकात हात वर करून कॅपुचिनो सांगितला. विहीणबाई माझ्याकडे फार मायेने पाहत राहिल्या. मग सुनेच्या कानाशी लागल्या. सून म्हणाली, "बाबा, आई विचारतेय, तुमची तब्येत बरी नाहीये का? आमच्याकडे जेवणावर दूध फक्त आजारी माणसं घेतात." त्या दिवसापासून आमचा चारचा चहा मी त्यांच्याकडे पाठ करून पितो.

त्या विमानतळाबाहेर आल्या तेव्हा त्यांच्या ट्रॉलीवर एक सुटकेस आणि तिच्यावर आडवं बांधलेलं एक लाटणं होतं. लाटणं म्हणजे आपलं नव्हे. बैलगाडीचा दांडा म्हणून खपलं असतं. तपासणीवाल्याने म्हणे विचारलं, "ये क्या है?" न्यायला गेलेला मुलगा आधीच घाबरलेला, तो म्हणाला, "रोटी के लिए." तपासणीवाला त्या लाटण्याकडे आणि मग विहीणबाईंच्या दंडांकडे बघून म्हणाला, "इतनी बड़ी रोटी?" आणि सोडून दिलं. तेव्हा मी हसलो होतो. मग एका सकाळी त्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर अंडी आणि मैदा मळून ते लाटणं फिरवायला घेतलं. पोळी वाढत वाढत टेबलाच्या कडेवरून खाली लोंबायला लागली, तरी कुठे भोक नाही, कुठे जाड नाही. शेवटी त्यांनी ती दोन्ही हातांवर उचलून खिडकीसमोर धरली, तर तिच्यातून पलीकडचा टॉवर दिसला, त्याच्या बाल्कनीतले वाळत घातलेले कपडेसुद्धा दिसले. बायकोच्या पुरणपोळीला आमच्या खानदानात तोड नाही. ती हात पुसत उभी होती, ती संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलली नाही. रात्री दिवा घालवताना एवढंच म्हणाली, "अहो, कपडे दिसले हो."

विहीणबाईंचं वर्ष आपल्या पंचांगापेक्षा कडक आहे. अमक्या संताच्या दिवशी तळणच, तमक्याला मसूरच, आणि तो दिवस टळला की तो पदार्थ वर्षभर घरात दिसणार नाही. नोव्हेंबरात पितरांचा दिवस असतो तेव्हा त्या बदामाची पांढरी टणक बिस्किटं करतात, त्यांचं नाव 'मेलेल्यांची हाडं'. मी ती चहात बुडवून खाताना मुलाने नाव सांगितलं आणि माझा घास जो अडकला तो अडकलाच. मक्याच्या पिठाचा आणि बदामाचा त्यांचा एक केक आहे, इतका खुसखुशीत की त्याला सुरी लावणं हा त्यांच्या गावी गुन्हा; मधोमध मूठ मारायची आणि उडतील ते तुकडे वेचून खायचे. हे माहीत नसताना मी एका वाढदिवसाला यजमानाच्या ऐटीत त्याला सुरी लावली. विहीणबाईंनी माझं मनगट धरलं, सुरी काढून घेतली, आणि माझीच मूठ वळून माझ्याच हाताने त्या केकवर हाणली. एक तुकडा झुंबरात गेला. उरलेला खाल्ला आणि मला पटलं की सुरीने त्याची चव खरंच गेली असती. कशी ते विचारू नका. काही गोष्टी मूठ मारल्यावरच कळतात.

या सगळ्यातून वेळ उरला की त्या स्वेटर विणतात. शारजात, ऑगस्टमधल्यासारख्या उन्हात, एसीखाली बसून, जाड लोकरीचे. मला दिलेला स्वेटर मी फक्त गोदामातल्या शीतगृहात घालतो, आणि तिथले लोक मला आता सलाम करतात.

त्या आल्या होत्या त्याला कारण होतं. व्याही वसंतात गेले. सून एकुलती एक, आणि मागे राहिलेल्या त्या घरात आई एकटी. सुनेने हट्ट करून त्यांना सप्टेंबरात आणलं ते कायमचं ठेवून घ्यायच्या इराद्याने. आमच्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले वर मुलाचं बिऱ्हाड, तिथे त्यांच्यासाठी खोली रंगवून घेतली. पण विहीणबाईंनी परतीचं तिकीट काढूनच विमानात पाय ठेवला होता, नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यातलं. थांबणार का, असं विचारलं की एकच उत्तर, "ख्रिसमसनंतर बघू." एकदा सुनेने फार धरून बसल्यावर त्या म्हणाल्या, "ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी ज्या टेबलावर आपले तोर्तेल्ली येतात ते घर आपलं. इथे येतात का, ते मला बघायचंय." सून हे सांगता सांगता आमच्या सोफ्यावर बसून रडली. ऑफिसात नाक वर करून चालणारी मुलगी, पण तिला स्वतःला ते तोर्तेल्ली करता येत नव्हते. आईने कधी सारणाला हात लावू दिला नव्हता.

तोर्तेल्ली म्हणजे, आपल्या भाषेत, उकडलेली इवलीशी करंजी. त्या पारदर्शक पोळीचे तुकडे, त्यात भाजलेल्या भोपळ्याचं सारण, जायफळ, किसलेलं चीज, कडू बदामाच्या बिस्किटांचा चुरा, आणि शिवाय एक जिन्नस, जो फेरारावाले घालत नाहीत आणि म्हणून त्यांना कोणी शिकवलं नाही. त्या संध्याकाळी त्यांच्याकडे उपास असतो, मांस चालत नाही, म्हणून हा पदार्थ. लोण्यात थबथबलेला तो उपास ऐकून बायको म्हणाली, "एकादशी अन् दुप्पट खाशी," आणि तिला पहिल्यांदाच हे व्याही आपल्यातले वाटले.

आता त्या जिन्नसाकडे येतो. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात विहीणबाई आमच्या दारात आल्या. बरोबर आमची नात होती, मुलाची पोर, जिला दोन्ही आज्यांची भाषा कळते पण बोलते ती इंग्रजीत; ती आल्या आल्या टीव्हीपुढे गेली. विहीणबाईंच्या दोन्ही हातांत काचेची एक मोठी बरणी होती. ती त्यांनी बायकोच्या हातात दिली, तिचे हात वरून आपल्या हातांनी दाबले आणि एक लांबलचक वाक्य इटालियनमध्ये बोलल्या. त्यात 'ग्रात्सिये', म्हणजे आभार, एवढंच आम्हाला कळलं. पुढे समजलं ते असं की लेकीच्या स्वयंपाकघरात दुपारचं ऊन येतं, फ्रीज भरलाय, तर तुमच्या थंड कपाटात ही सांभाळून ठेवाल का, उपकार होतील. पण त्या वेळी दिवाळी तोंडावर, विहीण दारात, दोन्ही हातांत भरलेली बरणी! बायकोचा चेहरा असा फुलला की मला लग्नातली ती उशी आठवली. "अहो, मान आणला हो त्यांनी," ती म्हणाली आणि आत जाऊन नवीन पैठणी घेऊन आली. विहीणबाई चकित झाल्या. कपाट वापरायचं भाडं आपण द्यायचं की उलट आपणच घ्यायचं, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं. पण घेतली.

बरणीत सफरचंदाच्या पिवळसर फोडी पाकात मुरवलेल्या होत्या. मुरंबा असेल म्हणून मी एक फोड तोंडात टाकली. आधी गोड, मग आंबट, आणि मग एकदम मोहरीचा असा झणका मस्तकात गेला की मी भिंत धरली. डोळ्यांतून पाणी, आणि त्या पाण्याआड लहानपणचं आमचं माजघर! आई मोहरी फेसायची तेव्हा असंच व्हायचं. हा म्हणजे आपलाच माल, इटलीत जाऊन राहिलेला. याला त्यांच्याकडे मोस्तार्दा म्हणतात, हे नंतर कळलं. त्या क्षणी आम्हाला एकच कळत होतं: विहिणीकडून आलेलं घरात दडवून ठेवायचं नसतं, ते वाटायचं असतं. नाहीतर लोकांना कळणार कसं की आलं होतं? बायकोने फराळाच्या प्रत्येक ताटात चिवड्याशेजारी एकेक फोड ठेवली, थोडा पाक सोडला, आणि मी ती ताटं लिफ्टने वर-खाली करत बिल्डिंगभर पोचवली. प्रत्येक दारात सांगत होतो, "विहिणीकडचं आहे बरं का." उरलेलं मी डब्यातून जबल अलीला नेलं. ताटं परत आली ती आपल्याकडच्या रीतीप्रमाणे भरून, खीर काय, खजूर काय. बायकोने आयुष्यात इतकी रुबाबदार दिवाळी पाहिली नव्हती.

डिसेंबरात एका रविवारी दुपारी विहीणबाई नातीला घेऊन खाली आल्या आणि दोन हात पुढे केले. आम्हाला कळेना. नात म्हणाली, "आजी, नॉन्ना वॉन्ट्स हर जार." नॉन्ना म्हणजे तिची इटालियन आजी. बायकोने खिडकीकडे पाहिलं. मीही पाहिलं. मग विहीणबाईंनी पाहिलं. खिडकीत ती बरणी होती, स्वच्छ घासलेली, आणि तिच्यात आम्ही मनी प्लांट लावला होता. चांगला फुटलाही होता.

"नॉन्ना सेज, व्हॉट हॅपन्ड?" नात म्हणाली.

"वाटलं गं," बायको खुर्चीत बसत म्हणाली. "दिवाळीत. सगळ्यांना."

"यू गेव्ह इट टू एव्हरीबडी?" नातीने ते आजीला सांगितलं. विहीणबाईंनी मनी प्लांटच्या एका पानाला बोट लावलं. मग त्या हलक्या आवाजात काहीतरी बोलल्या आणि नातीने ते जसंच्या तसं आमच्यापुढे ठेवलं, "नॉन्ना सेज, नॉन्नो मेड इट. ही ऑल्वेज मेड इट. नॉट नॉन्ना."

मान्तोवाकडच्या त्यांच्या घरामागे एक सफरचंदाचं झाड. त्याची फळं दरवर्षी व्याही उतरवायचे, तेच पाकात मुरवायचे, आणि शेवटी मोहरीच्या जहाल अर्काचे थेंब सोडायचे. तो अर्क एक थेंब जास्त पडला तर बरणी फुकट, आणि विहीणबाईंचा हात त्या कामाला थरथरतो. ही त्यांची शेवटची बरणी. मी गोदामात पेट्या पडताना पाहिल्या आहेत, क्रेन कलंडताना पाहिली आहे, पण जमिनीने पोटात घ्यावं असं मला वाटलं ते त्या मनी प्लांटसमोर. मी हात जोडले. बायको रडायलाच लागली. विहीणबाई ओरडतील, निदान रुसतील, असं वाटलं. त्यांनी पर्स खांद्याला लावली आणि नातीला काहीतरी म्हणाल्या.

"नॉन्ना सेज, शो मी हू एट इट."

दिलेलं परत मागायला जाणं याहून मोठी नामुष्की आपल्या समाजात नाही, आणि ती मी त्या दुपारी लिफ्टने वर-खाली करत भोगली. पहिलं दार खतीजाभाभींचं. त्या रत्नागिरीकडच्या, नवऱ्याचा मासळीचा धंदा, आणि आमच्या बायकोशी त्यांचं वाट्यांचं जाणं-येणं जुनं. मी दारातच पुटपुटलो, "भाभी, दिवाळीच्या ताटात ती एक पिवळी फोड होती..."

"होती म्हंजे? हाय अजून! मी कुणाला हात लावू देत्ये काय? आमच्या ह्यांना सर्दी झाली की एक तुकडा जिभेवर. नाकातून, डोळ्यांतून, सगळं साफ. खलास!" मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, "परत मागायला आलात? भाऊ, काय दिवस आले तुमच्यावर!"

मी कसंबसं सगळं सांगितलं. भाभींचं हसू मावळलं. त्यांनी विहीणबाईंचा हात धरून आत नेलं, सोफ्यावर बसवलं, म्हणाल्या, "नवऱ्याच्या हातचं होतं गो, आणि आम्ही सर्दीवर खाल्लं." विहीणबाईंनी नातीकडे पाहिलं, नातीने सर्दीचा अभिनय करून दाखवला, शिंकेसकट. आणि विहीणबाई हसल्या. शारजात आल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहत होतो.

"नॉन्ना सेज नॉन्नो डिड द सेम थिंग," नात म्हणाली. "फॉर कोल्ड."

भाभींनी फ्रीजमधून उरलेली फोड आणली, आणि चहा आणला. दुधाचा, वेलचीचा, दुपार कलल्यावरचा. मी डोळे झाकून घेतले. उघडले तेव्हा विहीणबाईंचा कप रिकामा होता.

त्याच्या खालच्या मजल्यावर खेड-चिपळूणकडची साइटवर काम करणारी मंडळी एका फ्लॅटमध्ये दाटीवाटीने राहतात. सुरेश नावाच्या गड्याने दार उघडलं, मागे मी, माझ्यामागे ताठ उभी गोरी बाई. तो कुजबुजला, "काका, मालकीण काय बिल्डिंगची? आम्ही गच्चीत कपडे नाय वाळत घातले." मी कारण सांगितलं. "अरे देवा! काका, फोड तर पहिल्याच दिवशी खबूसच्या रोटीला पुसून खलास. पण पाक हाय थोडा. रविवारी डाळीवर एक थेंब घेतो." विहीणबाई तोवर सरळ त्यांच्या शेगडीपाशी गेल्या होत्या. त्यांनी डाळीचं झाकण उचललं, हुंगलं, चिमूटभर मीठ घातलं. सुरेशने भीत भीत त्यावर पाकाचा थेंब सोडून चमचा पुढे केला. सगळा फ्लॅट शेगडीभोवती जमला. विहीणबाईंनी चमचा तोंडात घातला, डोळे मिटले, ते भोपळ्यासाठी मिटतात तसे.

"चलेगा," त्या म्हणाल्या.

हा शब्द 'नहीं'वाचून त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. मला स्वतःला अजून मिळालेला नाही.

बिल्डिंग पालथी घालून हाती आली ती एक वाटी. सात-आठ फोडी आणि तळाला पाक. एवढ्यात सारण होणार नव्हतं, हे मलाही दिसत होतं. वाटी टेबलावर ठेवली आणि बायको उठली. तिने हिरवी सफरचंदं चिरली, साखरेच्या पाकात शिजत टाकली, मोहरी कुटली आणि ताटात घेऊन थोडं थोडं पाणी घालत हाताने फेसायला बसली. घरभर तो वास पसरला. विहीणबाई आधी लांब होत्या, मग टेबलाशी आल्या, मग ताटावर वाकल्या आणि झणका बसून मागे सरल्या. डोळे वाहत होते, त्या पुसत नव्हत्या. मोहरीमुळेच असेल, नाकात गेली की कोणाचंही तेच होतं. बायकोने फेसलेली मोहरी फोडींत कालवली आणि भांडं त्यांच्यापुढे सरकवलं. विहीणबाईंनी वाटी उचलली आणि व्याह्यांच्या हातच्या उरलेल्या सगळ्या फोडी, पाकाच्या शेवटच्या थेंबासकट, त्या भांड्यात ओतल्या. दुधाला विरजण लावावं तशा. वर ताटली झाकली आणि तिच्यावर थोडा वेळ हात ठेवून उभ्या राहिल्या. एवढी मोठी गोष्ट इतक्या निमूटपणे केलेली मी पाहिली नव्हती.

ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी सुनेकडच्या टेबलावर पैठणी अंथरली होती. घरातलं सगळ्यात सुंदर कापड म्हणून ते विहीणबाईंनी या दिवसासाठी राखलं होतं. बायकोचा हात छातीशी गेला, मग तिने पुढे होऊन काठ सरळ केला. दिवसभर सारण झालं होतं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा सुनेला त्यात हात घालू दिला होता. खतीजाभाभींनी आत येतानाच विचारलं होतं, "भाऊ, सगळं हलाल हाय ना?" मी म्हटलं, "भाभी, भोपळा आहे. त्याला विचारून कापलाय." मग त्याही बाह्या वर करून बसल्या. पोळीचे तुकडे, वर सारणाचा गोळा, घडी, कडा दाबायची. बायकोला आणि भाभींना करंज्यांचा हात, त्यांच्या घड्या विहीणबाईंनी एकदा पाहून सोडून दिल्या. मी केलेले मात्र एका वेगळ्या बशीत गेले. "नॉन्ना सेज, यू विल ईट दोज," नातीने कळवलं.

लोण्याचा आणि चीजचा थर देऊन ते ताटात आले, तेव्हा कोणीच घास उचलेना. सून आईकडे बघत होती, ओठ चावत. विहीणबाईंनी एक तोर्तेल्ली काट्यावर घेतला, तोंडात घातला आणि डोळे मिटले. त्या वेळात पलीकडच्या टॉवरमधलं एखादं बाळ झोपून उठलं असेल.

"हे मान्तोवाचं नाही," त्या म्हणाल्या. सुनेने भाषांतर केलं आणि मान खाली घातली. "फेराराचंही नाही." मग त्यांनी आणखी एक खाल्ला, अगदी सावकाश, खिडकीबाहेर पाहत, जिथे रस्त्यापलीकडे दुबईची हद्द सुरू होते.

"अल नहदा," विहीणबाई म्हणाल्या, आणि ताट पुन्हा वाढण्यासाठी पुढे केलं.

गावाला नाव मिळताना मी पाहिलेलं नव्हतं. ते त्या संध्याकाळी पाहिलं. दुसऱ्या दिवशी सुनेने चाचरत तिकिटाचं विचारलं, तर विहीणबाई लोकर गुंडाळत म्हणाल्या, खालच्या फ्लॅटमधल्या सगळ्यांची मापं घेतलीत, अर्धे स्वेटर टाकून कसं जाता येईल?

त्या राहिल्या. फक्त सफरचंदं उतरवायच्या दिवसांत त्या गावी जातात, कारण ते झाड आहे. पहिल्यांदा निघाल्या तेव्हा बायकोने मनी प्लांट दुसऱ्या भांड्यात हलवला, ती बरणी फेसलेल्या मोहरीच्या लोणच्याने भरली आणि त्यांच्या हातात दिली, वरून आपल्या हातांनी दाबून. भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे कोणी त्यांना समजावून सांगितलं नाही. पण त्या परतल्या तेव्हा बरणीत सफरचंदं होती. अर्काचे थेंब आता त्याच सोडतात म्हणे, हात थरथरला तर थरथरू देत.

या वर्षी त्यांना यायला उशीर झाला आहे. गुडघा दुखतो, डॉक्टर विमानाला नको म्हणतात, सून रोज फोनवर असते. बरणी त्यांच्याकडे आहे, म्हणजे पाळी त्यांची आहे, एवढ्यावर आम्ही भरवसा ठेवून आहोत. काल मी सुपरमार्केटातून एक तांबडा भोपळा आणला. तिथे टकटक करून, कान लावून, डोळे मिटून उभा राहिलो. मागची रांग खाकरली. तो आता स्वयंपाकघरात ओट्यावर आहे. येता-जाता मी त्याच्याकडे त्यांच्यासारखं बघायचा प्रयत्न करतो. जमत नाही. पण बायकोने अजून त्याला सुरी लावलेली नाही.